पन्नाशीत लेखणी उचललेला गुरांचा डॉक्टर : जेम्स हेरियट

गंगावेशकर (धागाकर्ता)

जेम्स हेरियट या नावाने जगभर वाचल्या गेलेल्या पशुवैद्याचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट होते. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या थर्स्क या बाजारगावात त्याने आयुष्यभर जनावरांवर उपचार केले आणि तिथे त्याला लहानथोर सगळे आल्फ म्हणत. टोपणनाव घ्यावे लागले ते हौसेपोटी नव्हे. पशुवैद्याने स्वतःची जाहिरात करू नये असा तिथल्या व्यवसायाचा कडक दंडक होता आणि स्वतःच्या नावाने पुस्तक काढले असते तर तीही जाहिरातच ठरली असती. दूरदर्शन संचावर फुटबॉलचा सामना पाहताना बर्मिंगहॅम सिटीच्या जिम हेरियट या गोलरक्षकाचा खेळ त्याला आवडला आणि त्याने ते नाव उचलले.

त्याचा जन्म १९१६ सालचा, संडरलंडमधला; परंतु तो काही आठवड्यांचा असतानाच कुटुंब ग्लासगोला गेले. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करीत आणि मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पियानो वाजवीत. आई गायिका होती. घरात गाईम्हशींचा संबंध नव्हता, शेताचा बांध तर दूरच. ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून १९३९ च्या डिसेंबरात पदवी मिळाली तेव्हा या शहरी मुलाला कुत्र्यामांजरांचा नीटनेटका दवाखाना हवा होता. पण नोकऱ्यांचा असा दुष्काळ होता की काही पदवीधर नुसत्या राहण्याजेवणावर काम करीत होते. १९४० च्या जुलैत थर्स्कमधल्या २३, कर्कगेट या पत्त्यावर डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात तो रुजू झाला. सिंक्लेअर लगेचच हवाई दलात दाखल होण्यासाठी निघून गेले आणि ज्याला त्या भागातले रस्तेही ठाऊक नव्हते, अशा या नवख्या डॉक्टरवर टेकड्यांवरच्या सगळ्या गोठ्यांची जबाबदारी येऊन पडली.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 'यावर एकदा पुस्तक लिहिणार आहे' असे तो पत्नीला वर्षानुवर्षे ऐकवत होता. पन्नाशीतले डॉक्टर पहिले पुस्तक लिहीत नसतात असे तिने डिवचल्यावर त्याने टंकयंत्र आणले आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर दूरदर्शन पाहता पाहता लिहायला सुरुवात केली. पहिले पुस्तक १९७० साली लंडनमध्ये निघाले, दुसरे १९७२ साली. दोन्हींचा खप बेताचाच होता. मग एका अमेरिकन प्रकाशकाने दोन्ही एकत्र केली, नायकाचे लग्न लागेपर्यंतची आणखी प्रकरणे लिहून घेतली आणि १९७२ मध्येच 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' या नावाने जाडजूड पुस्तक काढले. तिथून जे झाले ते झाले. १९७८ पासून बीबीसीवर मालिका आली, २०२० पासून नव्याने दुसरी आली आणि त्याच्या सगळ्या पुस्तकांचा मिळून खप ६ कोटींवर गेल्याचे सांगितले जाते.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हेरियटचे कौतुक होते ते बहुधा हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणे आणि विक्षिप्त म्हातारे शेतकरी यांच्यासाठी. आमच्या कोल्हापुरात, जिथे सकाळी सहाला माणसे दूध संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभी असतात आणि पाहुण्याची विचारपूस झाल्यावर लगेच 'म्हस किती देतीया' हा प्रश्न येतो, तिथे या पुस्तकांची खरी ताकद दुसरीकडे दिसते. त्याच्या गोष्टीत काम हेच कथानक असते. गाय अडली आहे, हात आत गेला आहे, वासराचे डोके सापडत नाही. पुढे काय होणार, एवढ्यावर तो दहा पाने वाचकाला धरून ठेवतो. तो शेवटपर्यंत डॉक्टरच राहिला. दारी आजारी जनावर असलेल्या शेतकऱ्याला आपण किती मोठे लेखक आहोत याच्याशी काही देणेघेणे नसते, अशा अर्थाचे तो मुलाखतींतून सांगत असे. लेखक होण्यासाठी त्याने काम सोडले असते तर पुस्तके आटली असती, असे मला वाटते. जाणकारांनी, विशेषतः या व्यवसायातल्या मंडळींनी, लिहावे.

गोठ्यातला डॉक्टर

धाग्यासाठी आभार. मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो असून करवीर, पन्हाळा आणि भुदरगड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर माझी नोकरी गेली. तुमचे निरीक्षण योग्य आहे आणि त्यात थोडी भर घालतो.

त्या पुस्तकांतले बाळंतपण वाचताना सामान्य वाचकाला गंमत वाटते, आम्हाला हाताला रग लागते. वासराचे पुढचे दोन्ही पाय वाटेत आलेले असतात आणि मान मात्र मागे बरगडीकडे वळलेली असते. घरची माणसे पाय धरून ओढायला उतावीळ झालेली असतात. पण ओढल्याने डोके आणखीच मागे जाते. आधी वासराला आत रेटावे लागते. कळ आली की गर्भाशय दंड असा आवळते की बोटांना स्पर्श कळेनासा होतो. कळ ओसरली की जी थोडी उसंत मिळते तेवढ्यात खालच्या जबड्याला दोरीचा फास घालायचा, तोंडावर तळहात झाकून मान फिरवायची आणि मगच ओढ घ्यायची. हे सगळे हेरियट उघड्या अंगाने, फरसबंदीवर पालथे पडून, बादलीभर पाणी आणि साबणाच्या वडीवर करतो आणि त्याचा क्रम कुठेही चुकत नाही. एखाद्या नवशिक्या डॉक्टरने ते प्रकरण वाचून त्याप्रमाणे हात चालवला तर जनावराला अपाय होणार नाही, इतके ते नेमके आहे.

आपल्याकडचा फरक मात्र सांगायला हवा. म्हैस अडते तेव्हा पुष्कळदा वासराच्या ठेवणीचा दोष नसतो, गर्भाशयालाच पीळ पडलेला असतो. हात घातला की वाट निमुळती होत जाते आणि आतल्या घड्या पिळलेल्या धोतरासारख्या बोटांना लागतात. त्या घड्यांच्या दिशेवरून पीळ कोणत्या अंगाला आहे हे ओळखायचे, बहुतेक वेळा तो उजव्या अंगाला असतो. मग म्हशीला त्याच कुशीवर पाडायचे, पोटावर लांब फळी तिरकी ठेवून तिचे एक टोक जमिनीला टेकवायचे, फळीवर एका माणसाला उभे करायचे आणि पायाच्या दोऱ्या धरून म्हशीला त्याच दिशेने लोळवायचे. फळीच्या दाबाने गर्भाशय जागेवर राहते, शरीर फिरते आणि पीळ सुटतो. रात्री अकरा वाजता कंदिलाच्या उजेडात गल्लीतली आठ माणसे 'हं, आता!' म्हणून जोर लावतात आणि पुन्हा हात घातल्यावर वाट मोकळी लागते, तेव्हाचा आनंद मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही, कारण यॉर्कशायरमध्ये म्हशी नव्हत्या.

राजारामपुरीचा वाचक

कौतुकाला थोडा आवर घालतो. धागाकर्त्यांनी 'काम हेच कथानक' असे म्हटले आहे, परंतु त्या कामाभोवतीचे पुष्कळसे रचलेले आहे. पुस्तकातला नायक १९३० च्या दशकात गावात येतो, प्रत्यक्षातला डॉक्टर १९४० मध्ये, युद्ध सुरू झाल्यानंतर आला. पुस्तकातली नायकाची बायको हेलन ही शेतकऱ्याची मुलगी आहे. खरी जोन डॅनबरी गावात सेक्रेटरीची नोकरी करीत होती. गोष्टी घडतात ते डॅरोबी नावाचे गाव नकाशावर नाही. थर्स्क, रिचमंड, लेबर्न अशा गावांचे तुकडे जोडून ते केलेले आहे. डोनाल्ड सिंक्लेअर यांचा सिगफ्रिड झाला, त्यांच्या धाकट्या भावाचा, ब्रायनचा, ट्रिस्टन. अशा लेखनाला आत्मचरित्र म्हणून खपवणे मला पटत नाही. कादंबरी म्हणा, माझी काही हरकत नाही.

गंगावेशकर

राजारामपुरीकर, तपशील बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या शेतकऱ्याविषयी लिहायचे त्याच्याच गोठ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सुई घेऊन जायचे आहे, हे डोक्यात ठेवून लिहिणाऱ्या माणसाला दुसरा मार्ग नव्हता. नावे, गावे आणि साल बदलले म्हणून तर त्याला कंजूष, तिरसट आणि अडाणी उपाय करणारी माणसे मोकळेपणाने रंगवता आली. याबाबतीत त्याने एक फार हुशारीची गोष्ट केली: हसू व्हायची पाळी बहुतेक वेळा स्वतःवरच आणली. तोच चिखलात पडतो, त्याच्याच पायावर घोडा पाय देतो, त्याचेच निदान गावच्या म्हाताऱ्याच्या अंदाजापुढे फिके पडते. गावाने त्याला सांभाळून घेतले याचे हे एक कारण असावे. सिंक्लेअर मात्र पहिल्या पुस्तकावर नाराज झाले होते, असे हेरियटच्या मुलानेच लिहिलेल्या चरित्रात आहे. आणि गंमत अशी की सिंक्लेअर यांना ओळखणाऱ्यांचे मत पडे की प्रत्यक्षातला माणूस पुस्तकातल्यापेक्षा जास्तच लहरी होता.

साल मागे नेण्याने आणखी एक गोष्ट साधली. १९३५ नंतर जंतूंवरची सल्फा औषधे आली, युद्धानंतर पेनिसिलिन आले, नांगराचे घोडे जाऊन ट्रॅक्टर आले. त्याने गोष्टी त्या उंबरठ्यावर नेऊन ठेवल्या, म्हणजे काळ्या बाटल्यांतली जुनी निरुपयोगी औषधे आणि नवी सुई यांचा सामना त्याला एकाच गोठ्यात दाखवता आला.

कागलची लेक

ट्रॅक्टरचा विषय निघाला म्हणून लिहिते. हेरियटचे पहिले पुस्तक १९७० चे आणि आमच्या कागलच्या आनंद यादवांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ ची. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. पण यंत्र आल्यावर दावणीची जनावरे कशी नाहीशी होतात, हे दोघांच्याही मुळाशी आहे. फरक असा की यादवांचा नारबा शेतावरचा गडी आहे, त्याचे सगळे जगच त्या जनावरांबरोबर विकले जाते. हेरियट डॉक्टर आहे, तो गाडीत बसून पुढच्या गोठ्याकडे जाऊ शकतो. म्हणून त्याला हसता येते. मला दोन्ही पुस्तके आवडतात, परंतु जवळचे कोणते असे विचाराल तर उत्तर द्यायला मला वेळ लागणार नाही.

दुसरे असे की हेरियटच्या गोष्टींतल्या बायका गरम पाणी, टॉवेल आणि केक घेऊन येतात आणि आत जातात. माझ्या सासरी तीन म्हशी आहेत. वैरण, शेण, पेंड भिजवणे, धार, संस्थेत दूध घालणे, हे सगळे सासूबाई आणि मी करतो. म्हैस रवंथ करीत नाही, कास एका बाजूने तापली आहे, काल रात्रीपासून पाय आपटते आहे, हे आधी आम्हाला कळते. डॉक्टर आले की मात्र प्रश्न घरातल्या पुरुषांना विचारतात आणि ते मान वळवून आमच्याकडे पाहतात. यॉर्कशायरमध्येही दूध काढणाऱ्या बायका असणारच. त्या पुस्तकांत जेमतेम दिसतात. एक प्रसंग मात्र मला मनापासून भावतो. १९४१ च्या नोव्हेंबरात लग्न झाल्यावर हेरियट आणि जोन डोंगराळ भागातल्या एका खेड्यात राहिले आणि मधुचंद्राचे दिवस गाईंच्या क्षयाच्या चाचण्या करण्यात घालवले. तो गाईच्या मानेची कातडी चिमटीत धरून मापकाने जाडी मोजायचा, टोचायचा, आकडा सांगायचा आणि ती वहीत लिहून घ्यायची. बायकोच्या हातात वही असलेला तो गोठा मला सबंध पुस्तकात सर्वांत खरा वाटतो.

गोठ्यातला डॉक्टर

ताई, तुमचा टोला आम्हा डॉक्टर मंडळींना बसायलाच हवा. बाईला विचारले की निदान निम्मे होते, हे मी माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक तरुणाला सांगत आलो.

त्या चाचणीविषयी दोन वाक्ये. टोचल्यावर ७२ तासांनी परत जाऊन तीच जागा पुन्हा मोजायची असते, म्हणजे प्रत्येक गोठ्याला दोन फेऱ्या ठरलेल्याच. त्या काळी ब्रिटनमध्ये क्षयाचे जंतू दुधातून मुलांपर्यंत पोहोचत होते, म्हणून हे कंटाळवाणे काम फार मोलाचे होते.

पन्हाळ्याची वाट

या पुस्तकांमुळे हेरियट म्हणजे सदा हसतमुख माणूस अशी समजूत झाली आहे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. पुस्तके लिहायच्या आधी, १९६० च्या सुमारास, त्याला नैराश्याने ग्रासले होते आणि विजेचे झटके देण्याचे उपचारही घ्यावे लागले होते. घरच्यांनी ते पुष्कळ वर्षे बाहेर येऊ दिले नाही. मुलाने १९९९ साली लिहिलेल्या चरित्रातून ते नीटपणे समोर आले. त्या आजारानंतर काही वर्षांनी तो लिहू लागला हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या विनोदामागे नुसता मूळचा आनंदी स्वभाव आहे असे मग म्हणता येत नाही. त्याने १९९५ च्या फेब्रुवारीत कर्करोगाने देह ठेवला. त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या निधनानंतर काही दिवसांतच, सिंक्लेअर यांनी स्वतःचे जीवन संपवले. पुस्तकातला सिगफ्रिड वाचून झाल्यावर हे कळले की पुस्तक पुन्हा वेगळे वाचावे लागते.

पैशाची गोष्टही विलक्षण आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये कमाईच्या वरच्या टप्प्यावर ८३ टक्के आयकर होता. अनेक नामवंत लेखक आणि गायक देश सोडून गेले. याला तसा सल्ला मिळूनही हा थर्स्कजवळच राहिला, कर भरत राहिला आणि गोठ्यात जात राहिला.

गंगावेशकर

हे लिहिल्याबद्दल आभार. डॉक्टरसाहेब, या कामाची शरीरावर काय किंमत पडते त्याविषयी लिहाल का?

गोठ्यातला डॉक्टर

लिहितो. खांदे आणि कंबर जातात, ते सोडा. खरी भीती सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची. जनावर सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार, म्हणजे वासरामागून पडणारा जार, अडकते, डॉक्टर उघड्या हाताने ती काढतो आणि जंतू त्याच्या कातडीवरच्या ओरखड्यांतून आत शिरतात. मग ताप चढउतार करतो, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात, मन खचते आणि महिनोन्महिने निदान होत नाही. हेरियटलाही हा आजार जडला होता. त्याच्या पिढीकडे खांद्यापर्यंतचे पातळ हातमोजे नव्हते. आमच्याकडे ते आले, पण ऐन वेळी संपलेले असायचे, ही गोष्ट वेगळी.

येथे कोल्हापूरकरांना एक अप्रिय गोष्ट सांगतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पिण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तालमीतल्या पैलवानांची ती जुनी रीत आहे. धारोष्ण दुधातून हाच आजार माणसाला होऊ शकतो. म्हैस तपासलेली असेल तर गोष्ट निराळी, एरवी दूध उकळून प्यावे. लहान पाड्या-रेड्यांना, म्हणजे ४ ते ८ महिने वयाच्या माद्यांना, आयुष्यात एकदा याची लस टोचतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ही लसही आहे. आपल्या संस्थेत विचारून टोचून घ्या. धागाकर्त्यांचे नाव पाहून हे मुद्दाम लिहिले, राग मानू नये.

गंगावेशकर

राग कसला, डॉक्टर! कट्ट्यावर हे वाचून दाखवतो. पुढचे काय ते पैलवान बघतील.

राजारामपुरीचा वाचक

माझा मुद्दा अजून कायम आहे, पण आता वेगळा प्रश्न विचारतो. ज्या जिल्ह्यात १९६३ पासून गोकुळसारखा दूध संघ उभा आहे, दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना सजवून त्यांची मिरवणूक निघते आणि घरोघरी गोठ्याच्या गोष्टी आहेत, त्या जिल्ह्यातल्या पशुवैद्याने असे पुस्तक का लिहिले नाही? शंकर पाटलांनी, यादवांनी गावाकडची माणसे लिहिली. गोठ्यातल्या डॉक्टरच्या नजरेने कोणी का पाहिले नाही?

गोठ्यातला डॉक्टर

माझ्या परीने उत्तर देतो. हेरियट एका गावात जन्मभर राहिला. ज्या शेतकऱ्याच्या बापाची गाय सोडवली त्याच्या मुलाची आणि पुढे नातवाचीही सोडवली, त्यामुळे त्याला माणसांच्या गोष्टी शेवटापर्यंत कळल्या. आमची सरकारी नोकरी म्हणजे ठरावीक वर्षांनी बदली. म्हैस वाचली एवढे कळते, त्या घराचे पुढे काय झाले ते कळत नाही. आणि लिहायचेच तर नोंदवहीत लसीकरणाचे, रेतनाचे आकडे इतके लिहावे लागतात की संध्याकाळी पेन नकोसे होते. पण ही सबब झाली. खरी गोष्ट अशी की आपल्या कामात सांगण्यासारखे काही आहे असे आम्हालाच वाटले नाही. २०१९ च्या पुरात प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडे पाणी चढू लागले तेव्हा लोकांनी अंधारात दावी कापून जनावरे सोडून दिली. पाणी उतरल्यावर त्यांतली काही आपापल्या गोठ्यापाशी परतली आणि काही दुसऱ्याच्याच दारात उभी राहिली. कोणाची कोणती यावरून जे वाद झाले आणि जे मिटले, ते सगळे माझ्या तरुण सहकाऱ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यापैकी कोणी लिहील तर मी आधी वाचीन.

कागलची लेक

डॉक्टर, तुम्हीच सुरुवात करा. हेरियटने पन्नाशीत केली, तुम्ही निवृत्तीनंतर करा. 'पीळ' वाला प्रतिसाद वाढवला तरी पहिले प्रकरण तयार आहे. आणखी एक विचारायचे होते. माझा भाचा बारावीला आहे, पशुवैद्यकाला जायचे म्हणतो. त्याला हेरियट द्यावा का?

गोठ्यातला डॉक्टर

जरूर द्या, पण सोबत दोन गोष्टी करा. प्रवेश 'नीट' (NEET) या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो आणि अभ्यासक्रम अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांचा आहे, हे त्याला आधीच सांगा. आपल्याला जवळचे महाविद्यालय शिरवळचे. दुसरे, येत्या सुट्टीत त्याला माझ्याकडे पाठवा. मी अजूनही ओळखीच्या गोठ्यांवर तरुण डॉक्टरांबरोबर जातो. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. येताना जुने कपडे आणि गमबूट आणायला सांगा, आणि नखे कापून यायला सांगा.